घरच्या बाईस, समक्ष

६ मे १९६३, सोमवार
बिटर वेल्सला पोचले! माझ्या भावाचं, लँबर्टचं हे घर म्हणजे जुन्या टपालगाडीचा थांबा. ओसरीवरून नेवाडाचं अख्खं वाळवंट दिसतं. शेजारची ओलेटा पीचचा मुरंबा घेऊन हजर. लँबर्ट गेला, मागे त्याने चाळीस वर्षं जमवलेले लिफाफे, सोनं शोधणाऱ्यांची पत्रं नेणाऱ्या घोडागाडी कंपन्यांचे. शनिवारपर्यंत माझी यादी पुरी झाली, एकही लिफाफा कमी नसला, तरच संग्रहालय सगळे एकत्र ठेवेल. नाहीतर त्याचा पुतण्या एकेक करून लिलावात काढणार.

७ मे
सत्तर नोंदले. एक न उघडलेला: ‘घरची बाई, बिटर वेल्स. समक्ष द्यावे.’ शिक्का एकच, पत्र जिथून निघालं त्या गावाचा. वर पेन्सिलीने ‘नाकारले’ असं कुणीतरी गिरबटलेलं. सिस्टर फिलोमिनांनी शाळेत शिकवलं होतं तसं पावाच्या मऊ गोळीने अलगद पुसलं. किती छान निघालं!

८ मे
त्याच लिफाफ्यावर दोन शिक्के. दुसरा सँड पासचा. म्हणजे माझीच नोंद चुकली. पान फाडून पुन्हा लिहिलं. चष्मा बदलायला हवा.

९ मे
आता तीन! तिसरा ड्राय फोर्कचा, इथून एक मुक्काम अलीकडे. शाई बोटाला लागली. पुन्हा पान फाडलं. एवढी चिडले की कप आपटून फोडला. एका लिफाफ्यापायी साठ खोळंबलेत.

१० मे
ओलेटाला सांगितलं. ती म्हणाली, “अगं बाई, पुसलंस? लँबर्ट दर वर्षी ते अक्षर नव्याने गिरवायचा. मी चिडवायचे, म्हाताऱ्या, पत्राला घाबरतोस? तर म्हणायचा, या घरात पुन्हा कधी बाई राहायला आली तर?”
तिची आजी याच घरात राहायची. तेव्हा म्हणे टपाल्या दरोड्यात मेला, तरी चौथ्या दिवशी दारात आला. आजीच्या बहिणीने पत्र घेतलं. ती त्याच्या गाडीत बसून गेली, परत आलीच नाही. दुसरं आलं ते आजीने नाकारलं. हेच ते.
‘नाकारले’ पुन्हा लिहायला धावले. लिफाफ्यांच्या वहीतलं ते पान रिकामं. लिफाफा अडकवायच्या चारही कोपरपट्ट्या जागच्या जागी.
ओलेटा म्हणते, आत्ता निघ. कशी निघू? चाळीस उरलेत.

११ मे
अकरा उरले. रस्त्यावर धूळ —

चार. घोडे दिसतात, टापा ऐकू येत नाहीत —

सगळे झाले. एक जागा रिकामी. खिडकीच्या काचेतून दिसतो, तोच लिफाफा, टपाल्याच्या हातात. नुसता घ्यायचा, वहीत अडकवायचा. उघडायचा नाही. लँबर्ट, एवढा एक घेतला की तुझं सगळं —