सात नंबरची बाई

९ फेब्रु. २००५
पुन्हा बर्फ. कॅम्पसची बस चुकली, बूट ओले. गाइड मात्र खूश: चौथं प्रकरण म्हणजे थीसिसचा कणा! मॉरिशस. एवढंसं बेट, नुसता ऊस. मग स्वेटरच्या फॅक्टऱ्या आल्या, बायका कामाला लागल्या, मुली शिकल्या. सगळं ग्राफ काढून सिद्ध केलंय मी. एप्रिलमध्ये डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, जूनपासून नोकरी. सुटले एकदाची!

१३ फेब्रु.
रूममेट सविता सकाळपासून फोनवर, घरी. मॉरिशसचीच ती, खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेलेले. तिच्या आईची फॅक्टरी बंद झाली. परदेशी विक्रीसाठी देशादेशांना ठरवून दिलेला कोटा जानेवारीत संपला, ऑर्डरी चीनला. एकोणीस वर्षं काकूंनी तिथं स्वेटरला बाह्या जोडल्या.
आणि माझ्या चौथ्या प्रकरणातली ‘सात नंबरची बाई’ म्हणजे काकूच. मुलाखत मीच घेतलेली, फोनवर. ‘फॅक्टरीनं सगळं दिलं’ हे त्यांचं वाक्य किती मिरवलं मी!
पोळ्या करपल्या. तशाच खाल्ल्या दोघींनी.

१८ फेब्रु.
गाइडना म्हटलं, शेवट बदलते. म्हणाले, तुझा अभ्यास २००० ला संपतो, कशाला? आता हात लावलास तर डिफेन्स ऑगस्टनंतर. म्हणजे नोकरी गेली. बरोबरच आहे त्यांचं. पण चैन पडेना. लायब्ररीत तीनदा जागा बदलली, एक ओळ झाली नाही.

२ मार्च
स.ला सांगितलं, बंद झाल्याचंही लिहावं म्हणते. भडकली. "आमचं यश हवं होतं, लिहिलंस. आता आमची फजितीपण तुलाच हवी? स्वतःच्या देशावर लिही ना, यार!"
दार आपटलं. मलाही राग आला. मग मंदामावशी आठवल्या, पुण्यात आमच्याकडे भांडी घासायच्या. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. पुढे शिकली का, कुठे असते, काही ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही. लाज वाटली.

१३ मार्च
शेवटी काकूंना फोन केला. जुनं मराठी, मधे मधे तिथली क्रिओल बोली; अडलं की स. सांगते (धुसफुसत का होईना). म्हणाल्या, "लिही, मुली. बंद झाली तेपण लिही. पण मी सात नंबर का? मी काय चोरी केली?"
समजावलं, नियम आहे, नाव छापत नाहीत.
"फॅक्टरीतपण नंबरच होता मला."


२२ मार्च
मुलाखतींचे नियम बघणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात विचारलं. काकूंनी नवीन फॉर्मवर सही केली तर नाव चालेल. गाइड: कशाला ही भानगड? पाठवला फॉर्म.

३० मार्च
काकूंचा फॅक्स आला. सही अशी ठसठशीत की कागदाबाहेर जाईल. फ्रिजवर लावलाय. दूध काढताना समोर, ठेवताना समोर. नवा शेवट लिहायला घेतलाय, गाइडना अजून सांगितलं नाही. भित्री आहे मी, दुसरं काय.

५ एप्रिल
उद्या नऊला थीसिसची कॉपी द्यायची. जुनी तयार आहे, सात नंबरवाली, बाइंड करून. नव्या शेवटाची, काकूंच्या नावासकट, चार पानं झालीत, अर्धवट. दिवसभर कधी ही उचलते, कधी ती.
स. चहा घेऊन आली. कितीतरी दिवसांनी शेजारी बसली.
"आई विचारते, पुस्तक कधी येणार."
म्हटलं, इंग्लिश आहे गं, वाचणार कशा?
"नाही वाचता येत. स्वतःचं नाव तेवढं येतं."