गॅरेजातल्या टेबलाची उंची

दि. १० मार्च

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुला लागू पडत नाहीत, तरी पाठवते.

तुझं नकाराचं पत्र पोचलं. फर्निचरचा कारखाना बंद पडला, हत्यारांची पेटी खाटेखाली गेली, भाड्याच्या खोलीत घरमालकीण खिळासुद्धा ठोकू देत नाही. तरी बहिणीकडे राहायला यायचं नाही. का, तर बहिणीच्या घरी आयतं बसून खाणार नाही! बरं बाबा, नको येऊस. आग्रह करून माझं तोंड दुखलं.

आता दुसरं ऐक. हे गेल्यावर गाडी विकली, तेव्हापासून गॅरेज रिकामंच आहे. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता मी सुतारकाम शिकणार. हसू नकोस. कापड काय नि लाकूड काय, मापानेच कापायचं ना? तिथे कामाची जागा कशी मांडायची, तेवढं कळव. घरामागे पाणथळ आहे हे तुला ठाऊकच आहे. आगपेटीसुद्धा सादळते, आणि दुपारी पत्र्याखाली अंगाची नुसती लाही होते.

उत्तर लवकर असावं, अक्षर जमल्यास बरं असावं.
तुझी ताई


दि. १९ मार्च

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे उभ्यानेच घालतोय, गोड मानून घे.

तू करवत हातात धरणार हे वाचून आधी तुझ्या बोटांची काळजी वाटली. सध्या दहाच्या दहा आहेत, तोवर लिहून टाकतो.

आधी जमीन बघ. प्लास्टिकचा कागद अंथर, चारी कडा चिकटपट्टीने बंद कर आणि दोन दिवस विसरून जा. कागदाखाली पाणी साचलं तर जमिनीतून ओल येतेय. मग गवंड्याला बोलावल्याशिवाय सुटका नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग दे. पाण्याच्या बाजूला मोठी खिडकी काढ, वारा तिकडूनच येतो. पण जाळी लाव, नाहीतर डास तुला उचलून नेतील. विजेचे प्लग छातीच्या उंचीवर हवेत. हत्यारं भिंतीला टेकवायची नाहीत, मागे हवा खेळली पाहिजे. आणि उरलेलं पॉलिश मोरीत ओतशील तर याद राख. ते थेट पाणथळात जातं, तिथल्या बगळ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?

शेवटचं म्हणजे टेबल. ताठ उभी राहा, हात सैल सोड आणि जमिनीपासून मनगटापर्यंत माप घे. टेबल ज्याचं त्याच्या उंचीचं लागतं, नाहीतर कंबरेचे बारा वाजतात.

माझं बरं चाललंय. सकाळी पटाश्यांना तेल लावतो नि परत पेटीत ठेवतो. दुसरं काम नाही.

लोभ असू दे, लाकडावर थोडी दया असू दे.
तुझा ठोक्या


दि. १४ एप्रिल

चि. ठोक्यास,
आशीर्वाद, आणि दहाही बोटं शाबूत.

कागदाखाली थेंबच थेंब! गवंड्याने जमीन उकरली, जाड प्लास्टिक घातलं आणि वर नवा कोबा केला. सुतार कोण म्हणून त्याने विचारलं. मी आहे म्हटल्यावर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुकाट्याने चहा प्यायला. खिडकीला जाळी लावायच्या आधी एक पाणकोंबडी आत येऊन सगळं पाहून गेली. तिला पसंत आहे.

टेबल बाजारातल्या सुताराकडून करून घेतलं. उंची चौतीस इंच. लाकूड पकडायचा शिकंजा उजव्या टोकाला. सगळे डाव्या टोकाला लावतात म्हणून तो हुज्जत घालत होता. आमच्याकडे असंच लागतं म्हणून त्याला गप्प केलं.

माया पातळ करू नकोस.
ताई


दि. २५ एप्रिल

ति. ताईस,
नमस्कार, आणि कोपरापासून.

तू माझ्या खांद्याला जेमतेम लागतेस. मग तुझं मनगट चौतीस इंचांवर गेलं कसं? स्टुलावर चढून माप घेतलंस का? आणि शिकंजा उजवीकडे लागतो तो डावखुऱ्याला. आपल्यात डावखुरा कोण, ते सांगायला नकोच.

कसली सुतारीण नि कसलं काय! माझ्यासाठी अख्खं गॅरेज मांडलंस. पण आयतं खाणार नाही म्हणजे नाही.

रागावू नयेस ही विनंती.
तुझा ठोक्या


दि. ३ मे

चि. ठोक्यास,
आशीर्वाद. या खेपेस लागू पडोत.

पकडलंस. तू मनगटाचं माप घ्यायला सांगितलंस आणि माझ्या हाताने तुझंच लिहिलं. इतकी वर्षं तुझे कपडे शिवतेय. तुला समोर उभं करावं लागत नाही. स्वतःचं माप घ्यायचं डोक्यातच आलं नाही बघ.

आयतं तुला कोण घालतंय? इथे सादळीने एक दार धड लागत नाही. शेजारणी आपापली फुगलेली कपाटं घेऊन तुझ्या नावाने हाका मारत येतील, इतकं काम आहे.

आणि आता खरं सांगते. संध्याकाळी बगळे परत येतात, ते दाखवायला घरात कोणी नसतं. मला एकटीला करमत नाही रे. मी तुला काही देत नाहीये, मागतेय.

ताई


दि. ११ मे

ति. ताईस,
नमस्कार. समोर आल्यावर वाकून करीन, गुडघा गेला खड्ड्यात.

तुझं पत्र वाचून मी इथे भिंतीला टेकून उभा राहिलो. घरमालकिणीने टेप धरली. मनगट साडेबत्तीसावर आलं. पाठ वाकली, अंगही आटलं गं ताई. तू पाठवलेल्या शर्टांच्या बाह्या हल्ली बोटांवर येतात, मी दुमडून घालतो. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नव्हतं.

म्हणजे तुझं टेबल मला दोन बोटं उंच होणार. त्या बाजारातल्या सुताराला टेबलाच्या पायांना हात लावू देऊ नकोस. पेटीसाठी टेम्पो सांगितलाय. रविवारी येतो आणि ते मीच कापतो.

लोभ किती आहे ते मापावरून कळलं. मच्छरदाणी मात्र एक जास्तीची असू दे.
तुझा ठोक्या