फ्रेंच मार्केटातली कालवं

प्रिय डॉक्टर,

शनिवारी सकाळी सव्वाअकराला, न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच मार्केटात, तुम्ही संसारभर मला फसवल्याचं कळलं. तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालं नाही, पण गप्प बसणं मला जमत नाही. 'प्रिय' एवढ्याचसाठी, की शाळेतल्या सिस्टरनी रागातसुद्धा पत्राची सुरुवात नीट करायला शिकवलंय.

मीरा म्हणाली, "आई, घरात बसून सुकशील. चल, डे ट्रिप करू." बॅटन रूजहून दीड तासाचा रस्ता, आणि इतक्या वर्षांत मी तो बाजार पाहिला नव्हता! का? तुम्ही म्हणायचात, "तिथे काय आहे? मासळीचा वास. तुला उगाच मोह होईल." किती काळजी हो माझी! स्वतः मात्र लेकीला घेऊन जायचात आणि माझ्यासाठी भेंडी आणायचात.

जुन्या कमानींखाली हिंडलो. मग आपली लेक एका काउंटरपुढे थांबली आणि मेन्यू न बघता म्हणाली, "हाफ डझन, एक्स्ट्रा लेमन." बर्फावर मांडलेली, शिंपल्यातली कालवं आली. कच्ची!

"तू हे कधीपासून खातेस?"

"लहानपणापासून. बाबा लव्हड देम." आणि तिचाच चेहरा उतरला. "ओह नो. आई, मी त्यांना प्रॉमिस केलं होतं."

म्हणजे तिथून बडीशेप चघळत घरी यायचात ते यासाठी! आणि मी मैत्रिणींना सांगायची, डॉक्टरांना पचनाची फार काळजी.

मी मालवणची. लग्नाआधी तुम्ही विचारलंत, "आमच्या घरात मासळी चालत नाही. सोडशील?" सोडली. शेवटच्या भेटीत माझ्या आईनं, थकलेल्या हातांनी, खडकावरची कालवं फोडून सुकं केलं होतं. मी ताट सरकवलं. "डॉक्टरांना शब्द दिलाय," म्हटलं.

"जावयांक कोण सांगतलो गो?" ती हसली.

"मला फसवणं जमत नाही, आई."

तिनं ताट उचललं. नंतर ती मला दिसली नाही.

तुम्हाला मात्र फसवणं छान जमलं! खाल्लीत याचा राग नाही. एकदा तरी म्हणायचंत, "चल, दोघं खाऊ." भाजल्या खोबऱ्याचं वाटप लावून, तिरफळं घालून केली असती मी. लपूनच खायची होती, तर निदान शिजवलेली तरी खायची!

मीरानं एक माझ्यापुढे धरलं. तोंडात घातलं. गिळवेना, डॉक्टर. माझी चवसुद्धा नेलीत तुम्ही!

तेव्हा ऐका. तुमच्या वर्षश्राद्धाला याच स्वयंपाकघरात कालवांचं सुकं होणार. पहिलं ताट माझ्या आईच्या नावानं, दुसरं माझं. पुन्हा गिळवेपर्यंत मी ते करत राहणार आणि खात राहणार, हे वचन. तुमच्या पानावर वरणभात. घराचा नियम तुमचाच ना?

त्या दिवशी दुपारी बाराच्या आत मला खुलासा हवा, आणि तो लेखी. स्वप्नात येऊन तोंडी दिलेला चालणार नाही.

तुमची (अजून तरी),
सुलभा