पक्क्या जागेचा उमेदवार

४ मे, शनिवार
पोस्टर छापून आले. फोटो मागच्या-मागच्या निवडणुकीतला आहे, पण लोकांना माझा तोच चेहरा ओळखीचा. असम्प्टा म्हणाली, छान दिसतोय हा माणूस, एकदा जेवायला बोलवू या. बायकोला राजकारण कळत नाही.

संकल्प: यंदा काउंटी काउन्सिलचं अध्यक्षपद. पक्षांच्या आपसातल्या करारानुसार पाळी आमच्या पक्षाची, आणि पक्षात पाळी माझी. बाबांच्या गळ्यात अध्यक्षाची ती सोनेरी मानाची साखळी वर्षभर होती. फायरप्लेसवरच्या फोटोत अजूनही आहे. पडदा बांधायची सोनेरी दोरी गळ्यात घालून आरशात पाहिलं. शोभते.

९ मे
पक्षाची बैठक. चहा, हॅम सँडविच. आमच्या विभागातून सहा जण निवडून जायचे, मतदार नावांपुढे पसंतीचे नंबर लिहितात. आमचे उमेदवार दोन. एक मी, दुसरी ग्रानिया, औषधांच्या दुकानवाली, पहिल्यांदाच उभी. सेक्रेटरी म्हणाले, काउन्सिलरसाहेब, तुमची जागा पक्की आहे, तर पुलापलीकडच्या गावांत तुमच्या लोकांना सांगा, मतपत्रिकेवर ग्रानियापुढे एक लिहा, तुमच्यापुढे दोन. मी म्हणालो, पूल कशाला मध्ये आणता, अलीकडेही सांगतो. टाळ्या झाल्या.

घरी असम्प्टाने विचारलं, पहिल्या नंबरची बाई बाद झाली किंवा तिची मतं लागतात त्याहून जास्त होऊन उतू गेली, तरच दुसरा नंबर उघडतात ना? मी म्हणालो, मला शिकवू नकोस, माझा जन्म काउन्सिलात गेला. ती म्हणाली, म्हणूनच विचारलं.

१५ मे
प्रचार. फेस्टी मॅनियनच्या फाटकासमोरच्या खड्ड्यात आता बदकं राहायला आली आहेत. म्हातारा म्हणाला, पोरा, हा खड्डा तुझ्या बापाच्या वेळचा, वारसाहक्काने तुझ्याकडे आला. मी सांगितलं, लेखी कळवलंय. रस्ता इंजिनीअर करतो, इंजिनीअरला मुख्य अधिकारी सांगतो, मुख्य अधिकाऱ्याला आम्ही सभेत विचारतो, तो म्हणतो बघतो. फेस्टी म्हणाला, मग तुम्ही निवडून येऊन करता काय? मी म्हणालो, विचारतो.

पहिला नंबर ग्रानियाला द्या, असं सांगितलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, देतो रे, तुझी कसली काळजी, तू तर आलेलाच आहेस.

मन भरून आलं.

२३ मे
गावातल्या नेली कोस्टेलोच्या अंत्यविधीला. रांगेत उभा राहून सगळ्या नातेवाइकांशी हात मिळवले. दोघे-तिघे नातेवाईक नव्हतेच, पण मतदार होते. नेलीचा भाऊ शवपेटीपाशीच कानात म्हणाला, कॉन, तुझं पक्कं आहे हं. ग्रानिया सगळं उरकत आल्यावर पोचली. दुकान सोडता येईना म्हणे. नेलीची औषधं शेवटपर्यंत घरी तीच नेऊन द्यायची, असं कुणीतरी सांगत होतं. असेल. पण अंत्यविधीला वेळेवर यावं लागतं. शिकेल हळूहळू.

३० मे
स्थानिक रेडिओवर सांगितलं, कॉन हेव्हर्टी यांची जागा सुरक्षित. असम्प्टा भांडी घासायची थांबली. म्हणाली, कॉन, हे फार वाईट झालं. मी आवाज वाढवला.

अपक्ष गिलहूली दारोदार रडत फिरतोय. मी बुडालो, मला वाचवा, पोरंबाळं आहेत. पोरं सगळी कामाला लागलेली, एक तर सिडनीत. असम्प्टा म्हणाली, तूही थोडा रड. मी म्हणालो, हेव्हर्टी घराण्यात कुणी रडत नाही. ती म्हणाली, मोजणीच्या शनिवारी बघू.

७ जून, शुक्रवार
शाळेत मतदान. मी स्वतः ग्रानियापुढे एक लिहिलं, माझ्यापुढे दोन. पुढाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावं. असम्प्टाला गाडीत हे सांगितलं. तिने सुरू केलेली गाडी बंद केली.

८ जून, सकाळी
मतमोजणी. क्रीडासंकुलात कठड्यापलीकडे पेट्या उघडतात, अलीकडून आमची माणसं ओणवून मतं टिपतात. सेक्रेटरींना विचारलं, कसं काय? म्हणाले, काउन्सिलरसाहेब, पेटीपेटीत तुमचं नाव आहे. कुठे? म्हणाले, दोनच्या आकड्याशी. मी म्हणालो, ठरलं होतं तसंच. त्यांनी मला सँडविच आणून दिलं. हे लक्षण बरं नव्हतं.

८ जून, संध्याकाळी
ग्रानिया आली. काठोकाठ भरली, थेंब उतू गेला नाही. माझा दोनचा ढीग तिच्या पहिल्या मतांखाली तसाच गाडलेला राहिला. चौथ्या फेरीला मी बाद. मग माझी जी काय पहिली मतं होती ती पुढच्या नंबरांना वाटून दिली, आणि त्यांच्या जोरावर गिलहूली शेवटच्या जागेवर निवडून आला. त्याने मला मिठी मारली. आता खरोखर रडत होता. माझा कोट भिजला.

९ जून, रविवार
चर्चबाहेर सगळे हळहळले. फेस्टी म्हणाला, अरे, आम्हाला काय माहीत, तूच तर सांगितलंस. प्रत्येकजण हेच म्हणाला. कुणावर चिडायचं तेच कळेना.

घरी असम्प्टा म्हणाली, मी तुझ्यापुढे एक लिहिलं होतं. विचारलं, का, ठरलं होतं ना? म्हणाली, घरातल्या एकाने तरी लिहायला हवं होतं.

बाबांच्या फोटोकडे पाठ करून जेवलो.

२४ जून
नव्या काउन्सिलची पहिली सभा झाली. पाळी आमच्या पक्षाची, साखळी ग्रानियाच्या गळ्यात. पेपरात फोटो आहे. साखळी जरा सैल बसते तिला.

दुपारी फेस्टीचा फोन. रस्त्याची माणसं आली, खड्डा बुजवला. ग्रानियाने मुख्य अधिकाऱ्याला विचारलं नाही, त्याला गाडीत घालून खड्ड्यापाशी आणलं. छान झालं, मी म्हणालो. बदकं कुठे गेली?

संध्याकाळी कळलं. आमच्या फाटकासमोरच्या खड्ड्यात आहेत.

ग्रानियाला लेखी कळवलंय.