शर्टांची पाखरे

३ मार्च, सोमवार

सुनेला आज स्पष्ट सांगितले — त्याचे कपडे देऊन टाक. सगळे. वस्त्राची शोभा अंगावर, कपाटात नव्हे. आणि उघडी अंगे जगात पुष्कळ आहेत. ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली, जणू मीच ते उचलून नेणार होते. म्हणाली, "आई, इतक्यात?" मी उंबऱ्याबाहेरूनच उत्तर दिले, "दीड महिना झाला. गेलेल्याच्या वस्तूंभोवती घुटमळणे म्हणजे त्याच्या वाटेत आडवे पडणे."

हे माझ्या मनचे नाही. वडिलांनी लहानपणी समोर बसवून जे जे पाठ करून घेतले त्याचे हे सार आहे. मुलगा गेल्यापासून त्या दोघांच्या खोलीत मी पाऊल ठेवलेले नाही. आजही ठेवले नाही. कपाटाकडे वळून पाहिले नाही. याचे मला समाधान वाटले.

५ मार्च, बुधवार

संध्याकाळी पोथीतील आसक्तीवरचा अध्याय सुनेला अर्थासह वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. देठ ठेवले, पाने टाकली.

९ मार्च, रविवार

लेक आली होती. दोन तास बसली. जाताना जिन्यात म्हणाली, "आई, वहिनीला जरा रडू तरी दे." मी कोणाला अडवले आहे? रडण्याला नियम नाहीत. कपडे साठवण्याला आहेत. कपड्यांचे काय केले ते मी सुनेला विचारलेले नाही. दिलेली आज्ञा पुन्हा विचारली की ती दुबळी होते.

१७ मार्च, सोमवार

तिने माझी आज्ञा पाळलेली नाही.

ती कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानाला आज सुट्टी होती, म्हणून ती घरी. दुपारी माझा डोळा लागला असेल. जाग आली ती कातरीच्या आवाजाने. बाहेर आले तर ही बैठकीत जमिनीवर बसलेली, समोर शर्ट पसरलेला, निळ्या बारीक रेघांचा — आणि एक बाही आधीच वेगळी झालेली. शेजारी कापसाचा पुडा.

"काय चाललंय?"

"उशीचा अभ्रा करतेय, आई. बैठकीत ठेवायला."

माझ्या मुलाच्या पाठीचे कापड. त्यावर येणारे-जाणारे टेकणार, बसणार. मी खाली वाकून तुकडे गोळा केले. खिशाचा तुकडा हाती आला. खिशाच्या तळाशी शाईचा डाग, बोराएवढा. छापखान्यातून तो रोज असाच यायचा. पेनाला टोपण लावायची सवय त्याला शाळेपासून नव्हती, किती मार खाल्ला त्यासाठी. मी तो खिसा डोळ्यांना लावला. नंतर लाज वाटली, पण लावला.

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. बोलणार काय? दान करायला सांगितलेले वस्त्र फाडताना सापडलेल्या माणसाजवळ शब्द नसतात.

शेवटी म्हणाली, "घालायला माणूस नाही. घरात दिसत तरी राहू दे."

१८ मार्च, मंगळवार

तुकडे काल तिच्यापाशीच राहिले होते; रात्री बसून तिने अभ्रा शिवला. आज ती कामावर गेल्यावर मी तो उसवला.

उसवणे हेही शास्त्र आहे. उलट्या बाजूने दर चौथा टाका कापायचा, मग सुलट बाजूने दोरा अलगद ओढायचा; कापडाला इजा होत नाही. माझ्या आईने शिकवले. सुनेचा धावदोरा लांब-लांब टाक्यांचा, शेवटची गाठ सैल. अर्ध्या तासात काम झाले. दोरा गुंडाळून ठेवला, कापूस पुड्यात परत भरला, तुकड्यांना इस्त्री केली. टाके बारीक असले तरी आता स्पष्ट दिसतात. हा चष्मा तिनेच दुकानातून करून आणला होता, स्वतःच्या पगारातून. उपयोगी पडला.

रात्री तिने रिकामी बैठक पाहिली. मला विचारले नाही. हातपाय धुऊन जेवायला बसली.

२० मार्च, गुरुवार

आज दाराच्या मुठीला दोन कापडी पाखरे. एक पांढरे, एक राखी चौकड्याचे. डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणे. चोचीपाशी टाका चुकलेला, त्यामुळे दोन्ही पाखरे काहीतरी विसरल्यासारखी दिसतात. राखी चौकड्याचा शर्ट मला चांगला आठवतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी घातला होता.

दुपारी दोन्ही उसवली. बटणे वाटीत ठेवली.

२३ मार्च, रविवार

लेक आली तेव्हा मी माळ उसवत होते. सुनेने खिडकीवर पानांची माळ लावली होती, हिरवट शर्टाची, पानापानाला दुमड घालून शिवलेली. सून आत कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू जात होते, जावे अशीच माझी इच्छा होती.

लेक म्हणाली, "आई, माळ आहे ती. दादा नाही."

"मग तिच्यासाठी त्याला कापायचे कशाला?"

"आणि तू उसवतेस कशाला? तू म्हणालीस देऊन टाक. आता देऊन टाक ना सगळ्या चिंध्या." मग हसून, "तू पोथी वाचतेस वैराग्याची आणि पुडा सांभाळतेस कापसाचा."

ही माझी लेक. जिभेला हाड नाही, आणि ती जीभ माझीच आहे हे मला माहीत आहे. मी म्हणाले, "वैराग्य म्हणजे विटंबना पाहत बसणे नव्हे." आतून बादली आपटल्याचा आवाज आला. बरे वाटले.

२६ मार्च, बुधवार

आज उसवताना एक गोष्ट सापडली. पांढऱ्या शर्टाच्या कोपरावर रफू. इतके बारीक की प्रथम दिसलेच नाही. कापडाचे धागे उचलून, उभे-आडवे विणून केलेले. असे काम सुनेच्या हातून होणे शक्य नाही. म्हणजे माझ्या मुलाने बाहेर कोणाकडून करून घेतले. बायकोला न सांगता.

संध्याकाळी तिला तुकडा दाखवला. "माझ्या मुलाला फाटक्या बाहीने छापखान्यात पाठवत होतीस? त्याने दुसरीकडे नेऊन रफू करून घेतला, तुला पत्ताही नाही. कसला संसार केलास?"

तिने तुकडा हातात घेतला. बोट फिरवले रफूवरून. "छान केलाय कोणीतरी," एवढेच म्हणाली.

लाज नावाची वस्तू काही माणसांत नसतेच.

३० मार्च, रविवार

काही नाही. तिने शिवले, मी उसवले.

२ एप्रिल, बुधवार

मी ठरवले आहे. उसवणे पुरेसे नाही. जे तोडले ते जोडायचे. निळ्या रेघांच्या शर्टाचे सगळे तुकडे माझ्याजवळ आहेत: पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, कॉलर, कफ, खिसा. आज पाठ आणि खांदे जोडले. हाताने, दुहेरी टाक्याने. रेघ रेघेला मिळाली पाहिजे, नाहीतर अंगावर ती वाकडी पडते. जपाची माळ आज हातात घेतली नाही, सुई घेतली. दोन्हीत बोटांचेच काम.

५ एप्रिल, शनिवार

बाह्या लागल्या. कॉलर लावताना मात्र अडचण आली. ती मला मोठी वाटते. त्याची मान बारीक होती, माझ्यासारखी. धुण्याने कापड सैल पडले असावे. किंवा शेवटच्या महिन्यांत तो इतका वाळला की माझ्या डोळ्यांत तीच मान राहिली. आजाराने माणसाची मापेसुद्धा चोरली जातात.

सुनेने आज काही शिवले नाही. पुढच्या खोलीत येऊन माझ्या हातातला शर्ट पाहून गेली. दोनदा.

६ एप्रिल, रविवार

जे बोलायचे नव्हते ते मी बोलले, असे लेकीचे मत. माझे मत तसे नाही. सत्य कडू लागले म्हणून ते असत्य ठरत नाही.

झाले असे. दुपारी सून म्हणाली, "आई, तो शर्ट तुम्ही नका जोडू." का, म्हणून विचारले तर, "नका जोडू, एवढंच सांगते." तिच्या आवाजात विनंती नव्हती, काळजी होती, आणि तिने माझी काळजी करावी हे मला सहन झाले नाही. मी म्हणाले, "तुला मूल असते तर शर्टांची पाखरे करत बसावे लागले नसते."

लेक समोर होती. म्हणाली, "आई, पुरे." ती कधी एवढ्यावर थांबत नाही. आज थांबली.

सुनेच्या मांडीवर सुईदोरा होता. तिने दोरा दाताने तोडला, सुई कापडाला टोचून ठेवली, कापड घडी केले, डबा बंद केला. मग उठून खोलीत गेली. रडण्याचा आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

८ एप्रिल, मंगळवार

ती शनिवारी भावाकडे जाणार आहे. कायमची. मला विचारले नाही, सांगितले. घर माझे आहे, तेव्हा मी अडवण्याचा प्रश्न नव्हता; पण अडवीन असे तिलाही वाटले नाही, याची नोंद घेतली.

बटणांची काजे आज पूर्ण केली.

१० एप्रिल, गुरुवार

शर्ट तयार. खिसा छातीच्या डाव्या बाजूला, डाग आपल्या जागी. खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि समोर बसून पोथी वाचली. बऱ्याच दिवसांनी अर्थ लागत गेला.

सुनेला हाक मारली. "पाहा. तू तोडलेस ते मी जोडले." ती दारातून पाहत राहिली. म्हणाली, "सुंदर जोडलाय, आई." मग, हळू, "अंगात घालून नका बघू हं."

मी घालणार होतेच असे तिला कसे कळले?

११ एप्रिल, शुक्रवार

रात्री तिची बॅग भरून तयार होती. मी म्हणाले, "उघड."

लेक फोनवर असती तर ओरडली असती. पण ती नव्हती. आम्ही दोघीच होतो. "तुझे तू ने. माझ्या मुलाचे या घरातून जाणार नाही." सुनेने चेन उघडली आणि बाजूला झाली. मी गुडघ्यावर बसून एकेक वस्तू बाहेर काढली — तिच्या साड्या, फणी, आरशाचा डबा, शिवणाचा डबा. तळाशी तीन अखंड शर्ट. पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा, आणि एक पांढरा. घडी अशी घातलेली की कॉलर वर.

"हे कुठे चालले?"

"माझ्याबरोबर."

"ठेव."

मी तिला चोर म्हटले नाही, हे लिहून ठेवते. म्हणण्याची गरज नव्हती. तिने तिन्ही शर्ट उचलून माझ्या मांडीवर ठेवले. "ठेवा," म्हणाली. मग स्वतःच्या साड्या पुन्हा घडी करत बसली. मी मदत केली नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सून सकाळी गेली. भाऊ खाली थांबला होता. दारात बॅग खाली ठेवून तिने सांगितले, डोळे कोरडे:

"आई, यातला एकही शर्ट यांचा नव्हे. यांचे सगळे मी तुम्ही सांगितलंत त्याच संध्याकाळी देऊन आले. एकसुद्धा मागे ठेवला नाही. मग राहवेना, म्हणून कामावरून येताना जुन्या कपड्यांच्या दुकानात थांबायचे, यांच्यासारखा दिसला की घ्यायचे. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही तो खिसा डोळ्यांना लावलात."

मी विचारले, "कोणाला दिलेस?"

"रांग होती माणसांची. चेहरे नाही आठवत."

जिन्यावरून तिची पावले गेली. दुपारपासून मी खिडकीत बसले आहे. खालून पुरुष जातात. प्रत्येकाचा शर्ट पाहते. ओळखू येईल असे वाटत नाही.