ढोलवालीची डॉक्टरकी

प्रिय शेल्बी,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. इथे अलास्कात सॅमन मासळीचा नुसता पूर आलाय. दिवसभर रबरी एप्रन चढवून माशांची मुंडकी उडवायची, पोटं साफ करायची. शेजारी रोजेलियो म्हणून फिलिपिनो गडी असतो. त्याला सांगितलं, माझी बहीण चौतिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायला निघालीय. म्हणाला, "आधी काय करायची?" म्हटलं, विमा कंपनीत होती, गारांनी फुटलेली छपरं बघत हिंडायची. "आणि त्याआधी?" ढोल बडवायची. त्यानं सुरीच खाली ठेवली. "मग डॉक्टर मध्येच कुठून आली रे?"

डॅडींची किडनी गेली, तू त्यांना डायलिसिसला न्यायला लागलीस, तिथून आली. बाकीचे लोक तिथे टीव्ही बघत बसतात. तू मात्र नर्सबायांना विचारून विचारून भंडावून सोडलंस, आणि एक दिवस घरी येऊन जाहीर केलंस. डॅडी म्हणाले होते, "आधी जेव, मग डॉक्टर हो."

कॉलेजात तू काय दिवे लावलेस ते आपल्या डोंगरातल्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे. शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला बँडमध्ये ढोल, सोमवारी केमिस्ट्रीच्या तासाला झोप. मिळाला 'डी'. मग इतक्या वर्षांनी, ऑफिस सांभाळून संध्याकाळच्या वर्गात तोच विषय पुन्हा घेतलास आणि 'ए' काढलास. केक आणलास त्या दिवशी. तुला वाटलं, नवा आला की जुना पुसला गेला. मेडिकल कॉलेजात अर्ज तपासणाऱ्यांनी दोन्ही मार्क शेजारी शेजारी मांडले आणि सरासरी काढली! तू फोनवर जी रडलीस, जणू कुणी गेलंय. मी म्हटलं, अगं, मग बघू देत की दोन्ही. खाली कुठे होतीस ते कळल्याशिवाय किती चढलीस ते त्यांना कळणार कसं? तू म्हणालीस, "तुला काय कळतंय त्यातलं?" नाही कळत. पण मी म्हणालो तसंच झालं ना? मुलाखतीला बोलावलंच त्यांनी.

त्या मुलाखतीचा किस्सा डॅडींनी मला तीनदा ऐकवलाय. मार्क इतके कमी का, असं त्या म्हाताऱ्या डॉक्टरनं विचारलं. अशा वेळी प्रत्येक जण एखादं दुःख तयार ठेवून जातो म्हणे. तुझ्याकडे तर ममाचं शेवटचं आजारपण होतं. ते कॉलेजनंतरचं आहे, हे कोण तपासणार होतं? आणि तू सरळ सांगितलंस, "अभ्यास केला नाही, सर. ढोल वाजवला. आता अभ्यास करते." डॅडी म्हणतात, "पोरीनं स्वतःच्या हातानं वाट लावली!" पण सांगताना त्यांची छाती फुगलेली फोनवरसुद्धा कळते.

नकार नाही आला. वेटिंगवर ठेवलंय. आता कॉलेजला लिहून द्यायचं, जागा दिलीत तर दुसरीकडे बघणार नाही, येणारच. असं एकाच कॉलेजला लिहायचं आणि लिहिलं की शब्द फिरवायचा नाही, हे तूच मला समजावलंस. महिना होत आला, तू लिहीत नाहीयेस. विचारलं की म्हणतेस, "बघू, पुढच्या वर्षी." तुझं ते 'बघू' मी लहानपणापासून ओळखतो. मार्कांची भीती तुला आता उरलेली नाही. डायलिसिसचे मंगळवार, गुरुवार, शनिवार, तो वळणावळणाचा रस्ता, आणि परतताना डॅडींचे लटपटणारे पाय, हे तुला सोडवत नाहीये. कॉलेज चार तासांवर. तू बोलत नाहीस, डॅडीही बोलत नाहीत. ते फक्त म्हणाले, "तुझ्या बहिणीनं अजून लिहिलं नाही," आणि मग बागेतल्या टोमॅटोंचं सांगायला लागले.

तर शेल्बी, मी घरी येतोय. हसू नकोस. तेलाच्या विहिरी झाल्या, छपरं घालून झाली, नाताळची झाडं तोडून झाली, एका जागी दुसरा हिवाळा मी पाहिलेला नाही, मान्य. डॅडींना सांगितलं तर म्हणाले, "तू? तू कुत्रं फिरवायला गेलास तरी दुसऱ्या राज्यातून परत येशील!" मग म्हणाले, "चर्चखालच्या वळणावर गाडी हळू घे." म्हणजे हो. इथल्या मुकादमाला सांगून टाकलंय. लाकडाच्या वखारीत डायलिसिस नसेल त्या दिवसांचं काम ठरवलंय. नर्सबाईंना फोन करून काय काय बघायचं तेही विचारून घेतलंय. त्या म्हणाल्या, "तू शेल्बीचा भाऊ ना? मग प्रश्न संपायचे नाहीत." हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी वाटेत असेन, मला अडवायला फोन लागणार नाही. तेव्हा आज जेवायच्या आधी कॉलेजला लिही. येणारच, असं लिही. येत्या मंगळवारपासून गाडीची किल्ली माझ्याकडे.

तुझाच, आणि आता डॅडींचाही,
डाल्टन