हजर

सर, तुम्ही गेलात तेव्हा धुळ्याच्या आपल्या शाळेत शोकसभा झाली होती. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणून मी सुटका करून घेतली. त्याला चौदा वर्षं झाली. तुम्हाला लिहायचं तेव्हापासून राहून गेलंय.

हजेरी आठवते? पाचवीचा वर्ग. माझं नाव जवळ आलं की मी आधीच हात वर करायचो, कारण 'हजर'मधला 'ह' माझ्या तोंडातून निघायचाच नाही. बाकीचे मास्तर हात बघून पुढे जायचे. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "हात खाली घे. तोंडाने सांग. आम्ही थांबतो." मागचा बाक खिदळतोय, माझे कान तापलेत, आणि तुम्ही माझ्याकडे बघत नुसते बसलायत. शेवटी शब्द निघाला. "बस," म्हणालात आणि पुढचं नाव घेतलंत. वर्षभर रोज हेच. मी तुमच्यावर जाम चिडून होतो, खोटं कशाला बोलू!

आता जळगावात ठिबक सिंचनाच्या दुकानात काउंटरवर असतो. 'ठिबक' म्हणताना अडतो म्हणून वीस वर्षं नुसतं 'नळी' म्हणत आलो. त्यापायी गिऱ्हाइकांना साधे पाइप गेलेत, शेठच्या शिव्याही खाल्ल्यात. गेल्या महिन्यात बायकोने दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला पाठवलं. तिथे मौन. बोलायचंच नाही म्हटल्यावर आपली तर चंगळच! मनात मात्र एकच, अडखळणं जाईल. तिथले शिकवणारे सांगायचे, श्वास येतोय तसा बघा, ओढू नका, ढकलू नका. दहाव्या दिवशी मौन सुटलं, शेजारच्याने नाव विचारलं, आणि मी पहिल्याच अक्षरावर अडकलो. म्हटलं, घ्या, होतो तिथेच आलो! पण या वेळी शब्द ढकलला नाही. थांबलो. शब्द आपला वेळ घेऊन आला. तुमचं ते पेन खाली ठेवणं आठवलं आणि रडूच आलं.

काल काउंटरवर 'नळी' म्हटलं नाही. माझं "ठि... ठि..." चाललेलं बघून पारोळ्याकडचे एक आबा म्हणाले, "सावकाश सांग भाऊ, माले घाई नही शे." अडखळणं गेलेलं नाही, सर. जाईल असं वाटतही नाही. माझंच आहे ते, राहू दे.

रविवारी शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. तुमच्याबद्दल बोलायला हो म्हटलंय, लागेल तेवढा वेळ लागो. हे पत्र कुठे टाकणार, टेबलाच्या खणातच ठेवतो. आणि एक सांगायचं राहिलं. शोकसभेच्या दिवशी माझा घसा ठणठणीत होता.